न्हाणीमागचा मरवा

मरवा मागायला आलेली बाई कधी सरळ मरवा मागत नाही. ती आधी ओट्यावर टेकते, पाणी मागते, उन्हाळ्याला नावं ठेवते आणि उठता उठता, जणू आत्ताच आठवलं अशा सुरात विचारते, "दोन काड्या मरवा हाय का गं?" दोन काड्या म्हणजे मूठभर. मी "थांब, मी खुडून देते" म्हणेपर्यंत ती न्हाणीमागं पोचलेली असते आणि झाडाला धरून अशी ओढते की निम्मं मूळ वर येतं. जाताना वर म्हणणार, "तुळजाबाई, लई वास हाय बघ तुझ्या मरव्याला!" वास असणारच. त्याच्यापायी मी कंबर मोडून घेतली होती.

दिंद्रुडची आमची काळी जमीन ज्वारीला सोन्यासारखी आहे, मरव्याला मात्र काही कामाची नाही. त्या मातीत पाणी धरून राहतं आणि मरव्याच्या मुळाशी पाणी साचलं की तो कुजतो. पाणी तोडलं तर दोन दिवसांत वाळतो. म्हणून न्हाणीच्या मागं चार हात लांबीचा वाफा मी उकरून काढला होता, त्यात ओढ्याची वाळू आणि शेळीच्या जुन्या लेंड्या मिसळल्या होत्या. सकाळचं ऊन मिळावं, दुपारी भिंतीची सावली यावी, अशी ती एकच जागा घरात होती. तुरा दिसला की खुडायचा, शेंडा वाढला की खुडायचा. एक शेंडा खुडला की खालून दोन फुटतात. हे एवढं साधं गावातल्या एकाही बाईला कळत नव्हतं, सगळ्या मुळालाच हात घालायच्या.

वाफ्यातली पहिली काडी माझी एकुलती लेक शिवकन्या हिनं माझ्या माहेराहून आणली होती, लग्नाच्या आदल्या वर्षी. तिला युसूफ वडगावला दिली. ती गेली, मरवा राहिला. वेणीत माळायचा, लुगड्यांच्या पेटीत घालायचा, पडसं झालं की काढ्यात टाकायचा. संध्याकाळी हात लावला तरी बोटांना वास राहायचा आणि मला वाटायचं पोरगी इथंच कुठंतरी आहे.

आमच्या भिंतीला भिंत लावून चाँदबीचं घर. नवरा मैनुद्दीन बाजारोबाजार फळं विकायचा. चाँदबी माझी जिवाची, पण तिच्यावर माझा एक राग होता. दोन वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण शहजादी मोमिनाबादहून आली होती. मरव्यापाशी बसली ती उठेचना. शेवटी मी नाक मुरडत एक रुजलेली काडी दिली आणि हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून एका गाडग्यात घालून दिली. तोंडाचा टवका गेलेलं गाडगं होतं, पण त्याच्या पोटावर शिवकन्येनं लहानपणी खिळ्यानं चिमणी कोरली होती. चिमणी कसली, कासवच दिसायचं ते. शहजादी गेल्यावर माझ्या ध्यानात आलं आणि माझा जीव हळहळला.

"चाँदबी, माझं गाडगं," मी दर आठ दिवसांनी म्हणायची.

"मेरेकू याद है, आक्का. आणवते की," ती दर आठ दिवसांनी म्हणायची.

मरव्याचं एक वेळ जाऊ द्या, तो पुन्हा फुटतो. गाडगं फुटत नाही, म्हणजे फुटलं की गेलंच. हे तिला सांगून सांगून माझी जीभ झिजली.

आता आमच्या पाटलांकडं येते. आमचे हे, मोहनराव, गावचे माली पाटील, म्हणजे शेतसारा गोळा करणारे. सरकारी कागद उर्दूत यायचे. ते आले की हे ओट्यावर बसायचे, चष्मा लावायचे, कागद लांब धरायचे, जवळ धरायचे, "हं" म्हणायचे आणि घडी करून रुमालात, म्हणजे डोक्याच्या पटक्यात, खोचायचे. मग पटवाऱ्याकडं जायचे. सगळ्या गावाला वाटायचं, पाटलांसारखी उर्दू तालुक्यात कुणाला येत नाही. मलाही वाटायचं. बोलण्यात तर दर वाक्याला एक दरखास्त आणि एक तजवीज असायचीच.

त्या वर्षी, म्हणजे निजामाच्या फसली सालानं तेराशे एकोणीसच्या उन्हाळ्यात, त्यांना अर्धशिशी लागली. ऊन चढेल तसं अर्धं डोकं चढायचं. सकाळी दहाला जे ओरडायला लागायचे ते दिवस कलेपर्यंत. भाकरी थापल्याचा आवाज त्यांच्या डोक्यात जायचा, कोंबडी पंख झाडायची तोही जायचा, माझ्या बांगड्या तर जायच्याच. मी सांगून पाहिलं.

"अवो, मरव्याची पानं चोळून कपाळाला लावा. वास घ्या. माझ्या आईला उतार पडायचा."

"पाटलाच्या कपाळाला गजऱ्याचा वास?" ते म्हणाले. "उद्या कचेरीत जायचं हाय मला, तमाशाला न्हाई. आन ते मरवा मरवा घरात बोलू नको. नावातच मर हाय. पोरीचं एकदा पोटातलं गेलं, ते कावून गेलं? घरात आठ पहर मर-मर चालतंय म्हनून."

मला हे फार लागलं. शिवकन्येचं पहिलं पोटातच गेलं होतं आणि त्यात माझ्या मरव्याचा काय गुन्हा? पण डोकं दुखणाऱ्या माणसाशी भांडलं तर आपलंही दुखायला लागतं, म्हणून मी चूल फुंकत बसले.

तेवढ्यात युसूफ वडगावहून निरोप आला. शिवकन्या पुन्हा पोटुशी होती, सातवा लागत होता. तिचा दीर उत्तरेश्वर सांगायला आला. ओट्यावर बसून मान खाली घालून म्हणाला, "वहिनीच्या पोटात कायबी ठरंना, मावशी. फोडनीचा वास आला की वकारी. भाकरीचा वास आला की वकारी. दोन महिन्यांत निम्मी झाली. वैद्य म्हनला, असंच चाललं तर पोराचं खरं न्हाई. आखितीच्या आदी आनून सोडतो तुमच्याकडं. एकच गोष्ट सांगितली तिनं. आईला म्हनावं, मरवा राखून ठेव. त्याच्या वासानं जेवंन मी."

त्या दिवसापासून मी वाफ्याभोवती काट्याच्या फांद्या लावल्या. कुणी आली की सांगायची, मरवा संपला. सरळ खोटं. न्हाणं झालं की शेवटचं स्वच्छ पाणी बाजूला काढून संध्याकाळी तांब्या तांब्यानं घालायची. विहीर खाली गेली होती, तरी मरवा असा भरला होता की काट्यांतून बाहेर डोकावत होता. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वीस दिवस होते. मी रोज मोजत होते.

आणि याच दिवसांत आमच्या पाटलांना हकीम भेटला.

मैनुद्दीननंच सांगितलं होतं, मोमिनाबादला माझा साडू हकीम आहे, त्याला डोकं दाखवा. साडू म्हणजे शहजादीचाच नवरा. पाटील घोड्यावर बसून गेले आणि तिसऱ्या दिवशी आले ते चिठ्ठी घेऊन. ओट्यावर चष्मा लावला, चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली.

"मर्जनजोश," ते म्हणाले.

"काय?"

"दवा हाय, दवा. मर्जनजोश. अगं, मर्ज म्हंजे आजार. जोश म्हंजे जोर. मर्ज जाऊन जोश येतो, म्हनून मर्जनजोश. बघ, नावातच गुन हाय. न्हाई तर तुझं ते मरवा."

मी म्हटलं, असेल बाई. इराण-तुराणची काहीतरी चीज असणार. माजलगावच्या जडीबुटी विकणाऱ्या अत्ताराकडं माणूस पाठवला, तो म्हणाला वाळलेला मर्जनजोश हैदराबादहून येतो, सध्या नाही. पण हकीमसाहेबांनी आधीच सांगितलं होतं म्हणे, की वाळलेला काय करायचा, ताजा उत्तम, आमच्या घरी लावलेला आहे, रोप पाठवतो. पाटलांना तर आभाळ ठेंगणं झालं. अख्ख्या परगण्यात मोमिनाबादच्या हकीमाकडं मर्जनजोश आणि दुसरा दिंद्रुडच्या पाटलाकडं! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. डोकं दुखायचंसुद्धा विसरले दोन दिवस.

चिठ्ठी कुणाला दाखवली मात्र नाही. मैनुद्दीननं एकदा हात पुढं केला, "लाओ, बगू," तर म्हणाले, "मला वाचता येतं की बे," आणि पटक्यात खोचली.

त्यानंतर आठवड्यानं मी छबुबाईकडं शेवया करायला गेले. छबुबाईचं घर वेशीपाशी. उन्हाळ्यात शेवया म्हणजे दिवसाचं काम. पीठ तिंबा, ओढा, खाटेवर वाळत घाला, वर बायकांची बडबड. दिवस मावळायला घरी आले. न्हाणीमागं पाणी घालायला तांब्या घेऊन गेले, तर काटे बाजूला पडलेले आणि वाफा मोकळा. नुसता मोकळा नव्हे, खणून, कालवून, वर चौकोनी आळं करून ठेवलेलं.

आमचा म्हातारा गडी सटवा फावडं धुवत होता.

"सटवा, मरवा कुठं हाय?"

"मालकानं उपटाया सांगितला, बाई. सकाळच्यालाच. त्या मरगनजोशाला जागा लागती म्हनं. हकीमसाहेबानं निरोप धाडलता, त्याला वाळूची माती पाहिजे, सकाळचं ऊन, दुपारी सावली, मुळाशी पाणी साचू देयाचं न्हाई. मालक म्हनलं, आपल्या घरात अशी एकच जागा हाय."

मी तांब्या टाकला आणि उकिरड्यावर धावले. दिवसभर चैत्राचं ऊन. बरंचसं शेरडांनी खाल्लं होतं, उरलेलं हातात घेतलं तर चुरत होतं. त्यातल्या त्यात हिरवट पाच काड्या मी वेचल्या, सावलीत कुंडीत खोचल्या, ओलं फडकं झाकलं. तिसऱ्या दिवशी पाचही काळ्या पडल्या.

त्या संध्याकाळी मी पाटलांना काय काय बोलले ते इथं सांगत नाही. चाँदबी भिंतीपलीकडून ऐकत होती, तिनं दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी खरबूज पाठवलं, यावरून समजून घ्या. पाटलांनी पहिल्यांदा आवाज चढवला, मग उतरवला.

"मला काय ठावं, पोरीला तेच पाहिजे म्हनून?"

"उत्तरेश्वर तुमच्या म्होरं सांगून गेला!"

"तवा माझं डोकं दुखत होतं."

मी गावभर फिरले. ज्या ज्या बाईनं माझ्याकडून मरवा नेला होता तिच्या दारात गेले. आता ओट्यावर टेकून, पाणी मागून, उन्हाळ्याला नावं ठेवायची पाळी माझी होती. एकीनंही लावला नव्हता. सगळ्यांनी माळून टाकला होता. बायनाबाई नावाची माळीण होती, ती तर म्हणाली, "तुज्याकडं हाय म्हनून आमी कावून लावावा?" इतकी वर्षं मी देताना चरफडत होते, त्या दिवशी वाटलं, अगं, एखादीला नीट मुळासकट, मातीसकट द्यायला काय झालं होतं मला?

आखिती दोन दिवसांवर आली. सकाळी युसूफ वडगावची गाडी दारात उभी राहिली आणि उत्तरेश्वरनं शिवकन्येला हाताला धरून उतरवलं. माझी पोरगी गालफडं बसलेली, डोळे मोठे झालेले, पोट तेवढं पुढं. ओट्यावर टेकली आणि पहिला शब्द काय, "आई, मरवा?"

मी आत पाणी आणायला गेले, ते माठापाशीच उभी राहिले. बाहेर पाटील खाकरले. सांगायचं कुणी, ते आमच्या दोघांत ठरत नव्हतं.

त्याच घटकेला मैनुद्दीनची गाडी आली. मोमिनाबादच्या बाजाराहून परत येत होता. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी धरून तो अंगणात आला. मागोमाग चाँदबी.

"पाटीलसाब, हकीमसाबनी दिलंय. जपून आणलंय, सावलीत."

पाटलांचा चेहरा उजळला. सुटले बिचारे. उठले, पटका नीट केला आणि सगळ्यांच्या मधोमध ते फडकं सोडू लागले. "शिवे, हे बघ. मरव्याचं सोड. ह्ये काय हाय म्हाईत हाय का? मर्जनजोश! हैदराबादेत सुदीक मिळत न्हाई..."

फडकं सुटलं आणि अंगणभर वास पसरला.

शिवकन्येनं मान वर केली. मी दारात आले. गाडग्यात वीतभर उंचीचं, भरगच्च, राखी-हिरव्या बारीक पानांचं रोप होतं. गाडग्याच्या तोंडाचा टवका गेलेला होता. पोटावर खिळ्यानं कोरलेलं कासव, म्हणजे चिमणी.

"या खुदा," चाँदबी तोंडाला पदर लावून म्हणाली, "आक्का, ह्ये तर तुमचं गाडगं!"

पाटील म्हणाले, "हकीमसाहेब चुकले. मर्जनजोश सांगितला आन मरवा पाठविला. लेकाचं..."

"न्हाई चुकले," मैनुद्दीन म्हणाला. "तेला मर्जनजोशच म्हणत्यात किताबात. शहजादी मरवा म्हणती. तुमाला चिठ्ठीत लिहून दिलंय म्हणले की."

"चिठ्ठीत तसलं काय न्हाई."

"बगू."

या वेळी पाटलांना नाही म्हणता येईना. त्यांनी पटक्यातून चिठ्ठी काढली. घामानं मऊ झालेली. मैनुद्दीननं ती उजेडाकडं धरली आणि वाचली, "मर्जनजोश, उर्फ मरवा. ताजा. पानं कुस्करून वास घ्यावा, कपाळावर लेप लावावा."

उर्फ मरवा. ते दोन शब्द पंधरा दिवस त्यांच्या डोक्यावर होते. वाफा उपटायला सांगितला तेव्हाही डोक्यावरच होते.

मी पाटलांकडं पाहिलं. बोलायला माझ्या ओठांवर एवढं आलं होतं की आठवडा पुरला असता. पण ते चष्मा पुसत होते. पुसलेला चष्मा पुन्हा पुसत होते. आणि तेव्हा मला उमगलं की वीस वर्षं हा माणूस कागद लांब धरतो, जवळ धरतो, "हं" म्हणतो आणि पटवाऱ्याकडं जातो, तो कशासाठी जातो. हकीमानं तोंडानं सांगितलेला एक शब्द तेवढा ते पाठ करून आले होते. मला त्यांची कीव आली. आणि कीव आली म्हणून जास्तच राग आला.

"मैनुद्दीनभाई, बसा, सरबत घेऊन जा," मी म्हटलं आणि गाडगं पाटलांच्या हातातून काढून घेतलं.

शिवकन्येच्या शेजारी बसले. सर्वांत वरचा शेंडा खुडला, तळहातावर चोळला आणि तिच्या नाकाशी धरला. तिनं डोळे मिटले. माझा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि किती तरी वेळ नुसता श्वास घेतला. मग म्हणाली, "आई, भूक लागली." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. चाँदबी धावत घरी गेली आणि ताक-भाकरी घेऊन आली. पोरीनं अर्धी भाकरी खाल्ली. वकारी आली नाही.

ऊन चढत होतं. पाटील खांबाला टेकून डावं कपाळ दाबत बसले होते. अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आन... माझ्या डोक्याला?"

"कावून?" मी म्हटलं. "तुमाला मर्जनजोश लागतो न्हवं? ह्यो मरवा हाय. ह्याच्या नावात मर हाय."

"त्याच्यात बी हायच की," ते पुटपुटले.

ते ऐकून शिवकन्या हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली असेल. ती हसली म्हणून मी आणखी एक शेंडा खुडला, उठले आणि सगळ्यांदेखत चोळून पाटलांच्या कपाळाला फासला. हाताला जरा जोर लागला असेल. ते गजऱ्याच्या वासात, डोळे मिटून, दिवस कलेपर्यंत बसून राहिले.

रोप मी त्याच आळ्यात लावलं. आळं चांगलंच केलं होतं, सटवाचा हात चांगला आहे. खुडलेल्या जागी दोन-दोन फुटवे आले, आषाढापर्यंत निम्मा वाफा भरला. आषाढात शिवकन्येला मुलगी झाली, दोघी ठणठणीत. पाटलांची अर्धशिशी उतरली. ते अजून सांगतात, मर्जनजोशानं उतरली.

पंचमीला शहजादी पुन्हा आली. त्यांच्याकडचं रोप पावसात कुजलं होतं, मुळाशी पाणी साचू दिलं असणार. मान खाली घालून उभी होती बिचारी. मी रुजलेली काडी काढली, वाळूची माती घेतली आणि त्याच चिमणीच्या गाडग्यात लावून तिच्या हातात दिली.

चाँदबी घाईनं म्हणाली, "आक्का, या टाइमाला गाडगं आठ दिवसांत आणवते. कसम से."

"मुळीच आणवू नको," मी म्हटलं. "राहू दे तिकडंच. आमच्या घराचा काय भरवसा न्हाई."